मन हलके करणाऱ्यांचे मन

डॉक्टरलाही सर्दी-पडसे होते, हे आपल्याला मान्य असते. वकिलाच्या घरी भाऊबंदकी असू शकते, शिक्षकाचा मुलगाही गणितात नापास होऊ शकतो. पण मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक म्हटला, की त्याचे मन बारा महिने तेरा काळ शांतच असणार, असे आपण धरून चालतो. त्याच्या घरच्यांनाही बऱ्याचदा तसेच वाटते. ‘तू तर लोकांना समजावतोस, मग तुला राग कसा येतो?’ हा प्रश्न या व्यवसायातल्या कोणालाही चुकलेला नाही.

त्याच्या कामाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. दर पाऊण तासाला नवा माणूस समोर येऊन बसतो. एकीचा नवरा दारू पिऊन मारतो, एकाला सहा महिन्यांपासून झोप नाही, बारावीतला एक मुलगा जगण्यात अर्थ नाही असे म्हणतो. संध्याकाळी हा माणूस घरी जातो, तेव्हा यातले एक अक्षरही तो बोलू शकत नाही. बँकेतला कारकून साहेबाचे गाऱ्हाणे बायकोला सांगून मोकळा होतो. याला ती सोय नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखली जाणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे आणि कायदा नसता तरी हा धर्म पाळावाच लागला असता. मग दिवसभर ऐकलेले सारे जाते कुठे?

प्रश्न केवळ त्याच्या त्रासाचा असता, तर तो त्याच्यापुरता सोडून देता आला असता. पण थकलेला समुपदेशक नीट ऐकत नाही. घाबरलेला समुपदेशक आत्महत्येचा विषय टाळतो. ज्याला विचारायला कोणी नाही, तो दहा वर्षे तीच चूक करत राहतो आणि त्यालाच अनुभव म्हणतो. याची किंमत समोरच्या खुर्चीतला माणूस मोजतो आणि उद्या त्या खुर्चीत आपल्या घरातलेच कोणी असू शकते.

माणसे थोडी, रांग मोठी

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असे तीत आढळले. त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. वेगवेगळ्या विकारांमध्ये हे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. १९९६ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे सोय वाढली, पण तज्ज्ञांची टंचाई संपली नाही. मोठ्या शहरातल्या डॉक्टरला अवघड रुग्णाबद्दल शेजारच्या डॉक्टरला फोन करता येतो. आडवळणाच्या जिल्ह्यातला एकटा मनोविकारतज्ज्ञ काय करणार?

‘अभ्यासक्रम करा, परिषदांना जा,’ असे उत्तर नेहमी दिले जाते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांकडून पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मागते, ते चांगलेच आहे. नवी औषधे, नव्या पद्धती अशा व्याख्यानांतून कळतात. पण काल तीन वाजता आलेल्या बाईंसमोर मी गप्प का झालो, हे कोणतीही परिषद सांगत नाही. त्यासाठी त्या तीन वाजताच्या गोष्टीवरच कोणाशी तरी बोलावे लागते.

या बोलण्याला इंग्रजीतून आलेला ‘सुपरव्हिजन’ हा शब्द रूढ आहे. तो ऐकला की आपल्याला परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडत फिरणारे गुरुजी आठवतात, हा त्या शब्दाचा दोष. इथे अर्थ वेगळा आहे. नवशिक्याने आपला रुग्ण अनुभवी माणसापुढे मांडायचा आणि दोघांनी मिळून विचार करायचा. १९२० मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचे जे चिकित्सालय सुरू झाले, तिथे या प्रथेला शिस्त आली. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेच्या नियमानुसार मान्यताप्राप्त समुपदेशकाला महिन्याला किमान दीड तास असे मार्गदर्शन घ्यावेच लागते. केस पांढरे झाले तरी त्यातून सुटका नाही!

आपल्याकडेही याची मुळे जुनी आहेत. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण व्हिएन्नाला जाऊन ते शिकलेले नव्हते. पारसीबागान गल्लीतल्या त्यांच्या घरी डॉक्टर, प्राध्यापक आणि लेखक जमत आणि बंगाली अड्ड्याच्या थाटात चर्चा रंगत. गुरू लांब असला, की बरोबरीच्यांनीच एकमेकांना शिकवायचे, ही सोय त्या घराने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

बालिंट यांची बैठक

बरोबरीच्यांच्या अशा बैठकीला खरी घडी बसवली ती मायकेल बालिंट यांनी. हे मूळचे बुडापेस्टचे, नंतर लंडनमध्ये स्थायिक झालेले मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात तिथल्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी साध्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांचे गट जमवले. त्यांच्या पत्नी एनिड बालिंट समाजकार्यकर्त्यांबरोबर असे काम आधीपासून करत होत्या. या अनुभवावरचे बालिंट यांचे पुस्तक १९५७ मध्ये आले. डॉक्टर रुग्णाला जी औषधे देतो, त्यांत सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे डॉक्टर स्वतः, असे त्यांचे म्हणणे होते. मग या औषधाची मात्रा किती, त्याचे दुष्परिणाम काय, याचा अभ्यास नको का?

आठ-दहा डॉक्टर गोल बसतात. एक जण आपला एखादा रुग्ण सांगतो. हातात कागद, तपासण्यांचे अहवाल काही नाही, जे मनात राहिले आहे तेच सांगायचे. थोडे प्रश्नोत्तर झाले की सांगणारा खुर्ची जरा मागे सरकवतो आणि गप्प बसतो. बाकीचे बोलू लागतात. ‘मी असे केले असते, तू तसे करायला हवे होतेस’ हा सूर तिथे चालत नाही. रुग्णाला काय वाटले असेल, डॉक्टरला काय वाटले असेल, दोघांमध्ये नेमके कुठे अडले, एवढेच बोलायचे. आपल्याच रुग्णाबद्दल इतरांना बोलताना ऐकणे हा फार वेगळा अनुभव असतो. ज्या म्हातारबुवांना आपण ‘कटकट्या’ म्हणत होतो, ते एकटे पडलेले आहेत, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ध्यानात येते. ही बैठक डॉक्टरच्या खासगी आयुष्याची चिरफाड करत नाही. त्याची सासू, त्याचे कर्ज हे विषय तिथे निघत नाहीत.

रुग्णाचा राग येणे, कंटाळा येणे, हेही अशाच ठिकाणी कबूल करता येते. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९४९ मध्ये एका लेखात स्पष्टच मांडले, की उपचार करणाऱ्याच्या मनात काही रुग्णांबद्दल द्वेषसुद्धा उत्पन्न होतो. तो ओळखला तर आवरता येतो, नाकारला तर उपचारातच उतरतो.

गोव्यातला धडा

मराठी वाचकाला जवळचे असे उदाहरण गोव्याचे आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या, पण शाळा पूर्ण केलेल्या स्थानिक माणसांना निवडून समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. हे समुपदेशक सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसत आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी कोकणी, मराठी, हिंदी अशा त्यांच्या भाषेत बोलत. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. उपचार ऐकायला अगदी साधा होता. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि काम सुटले की मन आणखी खचते. म्हणून झेपेल असे एक छोटे काम ठरवायचे, ते करून पाहायचे आणि मनात काय फरक पडला ते टिपायचे.

पण नवख्या माणसांच्या हाती इतके नाजूक काम सोपवायचे, तर ते नीट चालले आहे का हे कोण पाहणार? तज्ज्ञ तर मुळातच मूठभर. इथेच ‘संगाथ’ने जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भेटींचे ध्वनिमुद्रण केले जाई. दर आठवड्याला समुपदेशकांचा छोटा गट एकत्र बसे आणि एखादी निवडलेली भेट सगळे मिळून ऐकत. प्रत्येकाच्या हाती गुणपत्रक असे. ऐकून घेण्याचे कौशल्य कसे होते, ठरलेली पायरी पाळली का, अशा मुद्द्यांवर गुण द्यायचे आणि मग त्यावर बोलायचे. आज तुझी भेट, पुढच्या वेळी माझी. तज्ज्ञही होतेच, पण रोजची देखरेख सहकाऱ्यांची होती.

बरोबरीची माणसे एकमेकांना सांभाळून घेतील, ही शंका कोणालाही येईल. म्हणून तज्ज्ञांनीही स्वतंत्रपणे गुण दिले आणि दोन्हींची तुलना झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहकाऱ्यांचे मूल्यमापन तज्ज्ञांशी बऱ्यापैकी जुळले. उपचाराचा निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १० आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांपैकी ज्यांना हे समुपदेशन मिळाले, त्यांतले ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना आरोग्य केंद्रातले उपचारच मिळाले, समुपदेशन नव्हे, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभराने पाहिले तेव्हाही फायदा टिकून होता. हे सारे यश आठवड्याच्या त्या बैठकीचे, असे म्हणता येणार नाही, पण बैठकीवाचून नवख्यांच्या भरवशावर असा उपचार चालवण्याचे धाडस मी तरी केले नसते.

एकट्या डॉक्टरलाही आता वाट सापडू लागली आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये कावीळ-ब नव्हे, तर हेपटायटिस-सी या यकृताच्या आजारासाठी ‘इको’ नावाची पद्धत सुरू केली. दूरच्या गावातले डॉक्टर ठरलेल्या वेळी पडद्यावर भेटतात, एक जण नाव न सांगता आपला रुग्ण मांडतो, तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर त्यावर चर्चा करतात. हीच पद्धत ‘निम्हान्स’ने व्यसनमुक्ती आणि मनोविकारांसाठी उचलली.

रुग्ण गेल्यावर

या बैठकींची सर्वांत जास्त गरज लागते ती रुग्णाने आत्महत्या केल्यावर. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५१ टक्के मनोविकारतज्ज्ञांनी आपला किमान एक रुग्ण असा गमावला होता. मानसशास्त्रज्ञांत हे प्रमाण २२ टक्के होते. अशा वेळी आप्तांचा आक्रोश असतो, कधी पोलीस येतात, कागदपत्रे मागितली जातात. डॉक्टर मात्र मनातल्या मनात शेवटची भेट पुन्हा पुन्हा आठवत राहतो. काय चुकले ते शोधायला हवेच, पण पहिल्याच दिवशी नव्हे. त्या दिवशी ज्याच्यावर हीच वेळ येऊन गेली आहे असा एखादा सहकारी शेजारी येऊन बसला, तर दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडणे शक्य होते.

सगळेच गट चांगले असतात, असे नाही. चहा-बिस्किटे आणि एकमेकांची वाहवा यापलीकडे काही गट जात नाहीत. काही ठिकाणी रुग्णाची ओळख उघडी पडेल इतके तपशील बोलले जातात, हे तर अक्षम्य. संस्थाचालक या तासाला ‘काम’ मानत नाहीत, त्यामुळे समुपदेशकाला तो रविवारी, पदरचे पैसे खर्चून करावा लागतो. शाळांमध्ये शेकडो मुलांमागे एकटी काम करणारी समुपदेशक बाई असते, तिचा महिन्याचा दीड तास कोणाच्या वेळापत्रकात बसवायचा, हे मुख्याध्यापकांनी ठरवायला हवे.

आणि आपण काय करू शकतो? समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना आपण शिक्षण विचारतो, फी विचारतो. आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘अवघड वेळ आली तर आपण कोणाचा सल्ला घेता?’ या प्रश्नाने चांगला समुपदेशक दुखावत नाही. तो सांगेल, माझे अमुक ज्येष्ठ आहेत, किंवा आमचा गट दर महिन्याला भेटतो, तिथे तुमचे नाव निघत नाही. ‘मला कोणाची गरज पडत नाही’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा पत्ता शोधलेला बरा.

तातडीची गरज असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणालाही फिरवता येतो. तो समुपदेशकांनाही बंद नाही.