ही पूड कुणाच्या हाडाची?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींना घेऊन मी नारायण पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात गेले होते. दाढ काढल्यानंतर त्यांच्या जबड्याचं हाड झिजलं होतं. नवा दात बसवण्याआधी तिथे हाडाची पूड भरावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी मला कोपर मारून हळूच विचारलं, "ताई, कुणाच्या हाडाची?" इतकी वर्षं नर्स म्हणून काम केलं, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला.

उत्तराआधी आपलं हाड समजून घेऊ. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं. उरतं ते मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. तेच हाड चुलीत जाळलं तर प्रथिन जातं, क्षार राहतात आणि हाड ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. ताकद दोघांच्या जोडीत आहे.

कोलॅजेनचा रेणू तीन पेडी वेणीसारखा असतो, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली दाखवलं. त्यासाठी त्यांनी जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची मदत घेतली, कारण कातडं म्हणजे बहुतांशी कोलॅजेनच. ज्या कातड्याला हात लावतात म्हणून आपल्या माणसांना गावाबाहेर ठेवलं, त्यातलंच प्रथिन आज निर्जंतुक पाकिटातून ऑपरेशन थिएटरमध्ये जातं!

या वेण्या पेशींच्या बाहेर आल्या की त्यांची टोकं कापली जातात आणि मग त्या आपोआप एकमेकींना चिकटून धागे बनतात. विणणारं कुणी नसतं. थंड, सौम्य आम्लात विरघळवलेलं कोलॅजेन घेऊन त्याची आम्लता घालवली आणि ते ३७ अंशांपर्यंत, म्हणजे अंगाइतकं गरम केलं, तर बाटलीतसुद्धा धाग्यांची जेली तयार होते. बांधकामात विटा सांधे चुकवून रचतात, तसा प्रत्येक रेणू शेजारच्यापेक्षा सुमारे ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेला असतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) त्यामुळे मध्ये फटी राहतात. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे चपटे कण तिथे आणि आजूबाजूला वाढत जातात.

शास्त्रज्ञांची अडचण इथेच होती. जेलीत क्षारांची पूड नुसती कालवली, तर कण धाग्याच्या बाहेरच चिकटून बसतात. मग लक्षात आलं की आम्लधर्मी प्रथिनांसारखे काही पदार्थ क्षारांना लगेच घट्ट होऊ देत नाहीत. तसे ते पातळ राहिले की धाग्याच्या आत शिरतात आणि आतच स्फटिक बनतात. खऱ्या हाडाच्या जवळ जाणारा संकरित पदार्थ या वाटेने तयार करता येतो.

बाजारातल्या पुडीपैकी काही कारखान्यात बनवलेल्या क्षारांची असते, काही गुरांच्या हाडांपासून केलेली. वरून लावायचा कोलॅजेनचा पातळ पडदा बहुधा गुरांचा किंवा डुकराचा असतो. ही पूड म्हणजे मांडव. त्यावर हाड चढवायचं काम आपल्याच पेशी करतात. तंबाखू ओढणाऱ्यांत ते नीट होत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तरीही तेच.

आणि बायांनो, ते महागडे कोलॅजेनचे डबे! पोटात गेलेलं कोलॅजेन डाळ-अंड्यातल्या प्रथिनासारखंच पचतं, तुकडे होतं. ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. तीन पेडी वेणी घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं, ते आवळ्यात आणि पेरूत मिळतं. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, त्यासाठी ऊन.

मावशींच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी पाकीट दाखवलं. पूड गुरांच्या हाडाची होती. मावशींनी हरकत घेतली नाही, पाकिटावरचं लेबल मात्र मागून घेतलं आणि केसपेपरला चिकटवायला लावलं. तुम्हीही मागा. पुढे काही त्रास झाला तर नेमकं काय घातलं होतं, हे त्यावरून कळतं.