दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नलारबॉरच्या वृक्षहीन माळरानाच्या कडेला युक्ला नावाचं गाव आहे. महामार्गालगत पेट्रोल पंप, मुक्कामाची सोय, पोलीस ठाणं आणि मोजकीच माणसं. तिथून नाकासमोर पूर्वेला निघालं, उरलेला खंड ओलांडला आणि समुद्रात आणखी सुमारे 600 किलोमीटर गेलं, की लॉर्ड हाऊ हे चिमुकलं बेट लागतं. तिथली वस्ती चारशेच्या आसपास.

दोन्ही ठिकाणं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे वर्षातल्या कोणत्याही तारखेला दोन्हीकडे दिवस जवळजवळ सारखाच लांब. रेखांशात मात्र 30 अंशांचं अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे बेटावर सूर्य उगवला, की दोन तासांनी तो युक्लात उगवणार. उन्हाळा असो वा हिवाळा, सूर्याचा हा हिशेब बदलत नाही.

आता घड्याळं पाहा. जूनमध्ये युक्लात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा बेटावर पावणेदोन झालेले असतात. जानेवारीत त्याच क्षणी तिथे सव्वादोन! सूर्याच्या दोन तासांपासून घड्याळं कधी पंधरा मिनिटं अलीकडे, तर कधी पंधरा मिनिटं पलीकडे. बरोबर दोन तास मात्र कधीच नाहीत.

असं होतं, कारण दोघांनीही आपापली वेळ स्वतःच्या सोयीने ठरवली आहे. पश्चिमेची पर्थची वेळ ग्रीनिचच्या 8 तास पुढे, पूर्वेची अ‍ॅडलेडची साडेनऊ तास पुढे. युक्ला या दोन वेळांच्या सीमेवर, म्हणून त्याने दोन्हींचा मध्य धरला: पावणेनऊ तास. कायद्याने तिथेही पर्थचीच वेळ आहे. पण पश्चिमेकडच्या कायगुना या ठिकाणापासून सीमेपर्यंतच्या सुमारे 350 किलोमीटरच्या पट्ट्यात लोक आपल्या पाऊण तासाला धरून आहेत, आणि घड्याळ पुढे करायला सांगणारी पाटी रस्त्यावर उभी आहे. लॉर्ड हाऊची वेळ साडेदहा तास पुढे आहे. उन्हाळ्यात घड्याळ बदलणारे इतर प्रदेश ते सहसा तासभर पुढे सरकवतात, हे बेट फक्त अर्धा तास. जगात असं करणारं दुसरं ठिकाण नाही. तेवढ्या अर्ध्या तासाने बेट उन्हाळ्यात सिडनीच्या वेळेशी जुळतं. युक्ला तर घड्याळाला हातच लावत नाही.

दोन व्यवस्थांचा सांधा जुळवणं युक्लाला नवीन नाही. 1877 मध्ये तिथे तारघर सुरू झालं. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वसाहतींचे तारमास्तर तिथे शेजारी-शेजारी बसत. दोन्हीकडची मोर्स लिपी वेगळी, म्हणून एकाने आलेली तार कागदावर उतरवायची, हातोहात पलीकडे द्यायची आणि दुसऱ्याने ती आपल्या लिपीत पुढे धाडायची. त्या तारघराच्या भिंती आज वाळूच्या टेकड्यांत अर्धवट गाडल्या गेल्या आहेत.

आजच्या संगणकांनाही या दोन वस्त्यांची दखल घ्यावी लागते. जगभरचे फोन आणि संगणक वेळेची जी सामायिक यादी वापरतात, तिच्यात युक्ला आणि लॉर्ड हाऊ यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. गाव केवढं, हे ती यादी पाहत नाही. तिथले लोक कोणती वेळ पाळतात, एवढंच पाहते.

स्थानिक वेळेचा हा आग्रह आपल्याला परका नाही. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने 39 मिनिटं मागे असलेली स्वतःची 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकवली. ती 39 मिनिटं सूर्याकडून आलेली होती आणि आजही आकाशात तशीच आहेत. गडचिरोलीत सूर्य माथ्यावर आल्यानंतर मुंबईत तो माथ्यावर यायला सुमारे अर्धा तास लागतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

तुमच्या गावाचा हिशेब तुम्हीही करून पाहा. नकाशात गावाचा रेखांश शोधा, तो भारतीय प्रमाणवेळेच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशातून वजा करा आणि उरलेल्या अंशांना 4 ने गुणा. तुमचा सूर्य तुमच्या घड्याळाच्या सरासरी किती मिनिटं मागे चालतो, हे कळेल.