खर्रा

खर्रा : सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले चघळण्याचे मिश्रण. भंडारा, गडचिरोली इ. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत त्याचे व्यसन आढळते. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून शीघ्र शोषिले जाऊन मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे डोपामिनाचा स्राव वाढून क्षणिक तरतरी येते. पुढे तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते व आसक्ती जडते. सुपारीतील ॲरेकोलिनाने ती दृढ होते. सुपारीमुळेच तोंडातील श्लेष्मकलेखाली तंतुमय ऊतक साचते. तिखट सोसत नाही, तोंड उघडणे अवघड होते. ही विकृती कर्कपूर्व असून सेवन थांबविल्यावरही सहसा पूर्णपणे नाहीशी होत नाही. म्हणून व्यसन लवकर सुटणे महत्त्वाचे असते. ते सोडताच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश व तीव्र ओढ ही लक्षणे २४ तासांत उद्भवतात, दोन-तीन दिवस प्रखर राहतात व बहुधा ३-४ आठवड्यांत ओसरतात. या काळात समुपदेशन, निकोटीनच्या पट्ट्या व कुटुंबीयांचा आधार उपयुक्त ठरतो. पुन्हा सेवन घडल्यास तो नीतिदोष न मानता उपचार चालू ठेवणे इष्ट असते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये दारू व तंबाखू यांविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला.