पडद्यावरचे काटे (भाग ७) : जखमेनंतरचे दोन सेकंद

फिरत्या करवतींवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधल्या काळात मिरजेहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझे चार दिवस घेतले. त्यांचा मुलगा संगणकावर जुना, पहिला 'सॉनिक' हा गेम खेळतो. पंधरा-वीस रिंगा जमवलेल्या असताना त्यातला नायक सॉनिक काट्यांवर पडला. रिंगा उधळल्या, सॉनिक मागे फेकला गेला, इथवर रीतसर. पण अंग लुकलुकत असतानाच तो शेजारच्या काट्यांवर टेकला आणि तिथल्या तिथे मेला. दुसऱ्या 'सॉनिक'मध्ये असं होत नाही. मुलगा म्हणतो, गेम फसवतो. आई म्हणते, तूच नीट बघत नाहीस. बाई विचारतात, खरं कोणाचं?

खरं मुलाचं आहे, आणि ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे.

आधी ते लुकलुकणं काय असतं ते पाहू. गेममधला नायक आपल्याला माणूस किंवा प्राणी दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो एक चौकट असतो. काटाही चौकटच. या दोन चौकटी एकमेकींना शिवल्या का, हे यंत्र सेकंदाला साठ वेळा तपासतं. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास वेळा. आता समजा नायक काट्याला फक्त अर्धा सेकंद शिवला. साठच्या हिशोबाने ते तीस स्पर्श झाले. प्रत्येक स्पर्शाला मार मोजला, तर एका चुकीची शिक्षा तीस वेळा होईल आणि कुठलाच नायक जगणार नाही. म्हणून पहिला मार बसला की काही काळ पुढचे मार मोजायचे नाहीत, असा नियम आला. तो काळ चालू आहे हे खेळणाऱ्याला कळावं म्हणून नायकाचं अंग लुकलुकतं. 'सॉनिक'मध्ये हा काळ साठच्या हिशोबाने १२० मोजण्यांचा, म्हणजे दोन सेकंदांचा आहे.

लुकलुकणं म्हणजे पडद्याने खेळणाऱ्याला दिलेला शब्द आहे. 'आत्ता तुला काही होणार नाही, तेवढ्यात सावर.' कुठल्याही पुस्तिकेत न वाचता सात वर्षांच्या पोरालाही हा शब्द समजतो.

आता पहिला 'सॉनिक'. १९९१ सालचा, सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावरचा. प्रोग्रॅमिंग युजी नाका यांचं, टप्प्यांची रचना हिरोकाझू यासुहारा यांची. नियम साधा : हातात एक जरी रिंग असली तरी मार लागल्यावर जीव जात नाही, रिंगा जातात. शंभर असल्या तरी उधळतात फार तर ३२, बाकीच्या नाहीशा होतात. हातात एकही नसताना मार लागला, तर मरण.

या गेमचा प्रोग्रॅम हौशी मंडळींनी पुढे ओळ न् ओळ उलगडून वाचला आहे. त्यात शत्रूच्या स्पर्शाची आणि काट्याच्या स्पर्शाची तपासणी वेगवेगळ्या जागी लिहिलेली सापडते. शत्रू शिवला की यंत्र दोन गोष्टी विचारतं. सॉनिककडे अजिंक्यपणाचं बक्षीस चालू आहे का? आणि तो लुकलुकतोय का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं की मार माफ. काटा मात्र एकच प्रश्न विचारतो : अजिंक्यपणा आहे का? लुकलुकण्याची चौकशी तो करतच नाही.

मिरजेच्या त्या मुलाचा प्रसंग आता पुन्हा पाहा. पहिल्या काट्याने रिंगा घेतल्या. सॉनिक मागे फेकला गेला, शेजारच्या काट्यांवर टेकला. हातात रिंग नाही. अंग लुकलुकतंय, पण काट्याला त्याचं सोयरसुतक नाही. संपलं. मुलाने डोळ्यांनी पाहिलं ते बरोबर होतं. पडदा एक सांगत होता आणि आतला हिशोब दुसरं. १९९२ च्या दुसऱ्या 'सॉनिक'मध्ये काटासुद्धा लुकलुकणं मानतो. खेळणारे पहिल्या भागातल्या या वागण्याला चूकच म्हणतात. माझंही मत तेच आहे. एकाच गेममध्ये शत्रूसमोर लुकलुकण्याला एक अर्थ आणि काट्यासमोर दुसरा, हे बरोबर नाही.

पण काटा निर्दय असला की तो अन्यायी असतोच, असं नाही. लेखमालेच्या दुसऱ्या भागात कॅपकॉमच्या 'मेगा मॅन'चा ओझरता उल्लेख आला होता. १९८७ चा पहिला 'मेगा मॅन' घ्या. तिथे नायकाच्या ताकदीच्या पट्टीत २८ घरं असतात. शत्रूची गोळी लागली की काही घरं कमी होतात. काट्याला शिवलात, तर पट्टी पूर्ण भरलेली असली तरी मरण. शत्रूचा मार खाऊन लुकलुकत असताना शिवलात, तरीही मरण. हे 'सॉनिक'पेक्षा कडक आहे, तरी मला ते कमी खटकतं. कारण तिथे काटा ताकद मोजतच नाही. खोल दरीत पडल्यावर जसं मरण ठरलेलं, तसं काट्यावर. पहिल्याच स्पर्शात हे कळतं, आणि एकदा कळलं की काटा कधी वेगळं वागत नाही.

गंमत पुढच्या वर्षी झाली. १९८८ च्या दुसऱ्या 'मेगा मॅन'मध्ये हा नियम सैल केला आणि लुकलुकणाऱ्या नायकाला काटे मारेनासे झाले. खेळणाऱ्यांनी लगेच त्याचा उपयोग शोधला. समोर काट्यांचा पट्टा असेल, तर आधी एखाद्या किरकोळ शत्रूचा मार मुद्दाम अंगावर घ्यायचा, आणि लुकलुकत त्या पट्ट्यावरून पलीकडे निघून जायचं. काट्याने काटा काढावा तो असा. रचनाकाराने सवलत दिली होती सावरण्यासाठी. खेळणाऱ्यांनी तिचा पूल बांधला.

काटा दुसरंही काही विचारू शकतो, हे मला पहिल्यांदा शिकवलं 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना-उड्या मारताना चित्रित करून, त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. अॅपल टू वर हा गेम १९८९ साली आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासमधल्या डॉसच्या यंत्रांवर तो कित्येकांनी पाहिला, मीही तिथेच. जमिनीच्या भोकांतून भाल्यांसारखे काटे वर येतात. मी धावत गेलो आणि राजपुत्र त्यांच्यावर लटकला. पुन्हा धावलो, पुन्हा तेच. शेजारच्या यंत्रावरचा मोठा मुलगा माझा हात बाजूला सारून म्हणाला, "शिफ्ट दाबून धर, एकेक पाऊल टाक." राजपुत्राने पाऊल उचललं. खर्रकन काटे वर आले. त्याने ते पाऊल दोन काट्यांच्या मधे ठेवलं, मग दुसरं, आणि तो सुखरूप पलीकडे गेला. काटे तेच, जागा तीच. बदलली होती ती चाल. वरून पडलात किंवा धावत आलात तर मरण, जपून गेलात तर वाट.

२०१८ च्या 'सेलेस्ट'ने या विचाराला आणखी बारीक केलं. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांचा हा गेम. डोंगर चढणाऱ्या मॅडलिनची गोष्ट. त्यात एका स्पर्शाने जीव जातो, रिंगा नाहीत की पट्टी नाही. म्हणजे मार लागल्यानंतरची सवलत द्यायला जागाच नाही. मग यांनी सवलत स्पर्शाच्या आधी ठेवली. गेममधली फरशी आठ ठिपक्यांची, पण काट्याची मारक पट्टी फक्त तीन ठिपके जाड. आणि काटा विचारतो : तू कुणीकडे निघाली आहेस? टोक वर असलेल्या काट्याला मॅडलिन वर जाता जाता घासली, तर तिला काही होत नाही. खाली येताना टेकली तरच मरण. भिंतीवरच्या काट्यांपासून ती दूर सरकत असेल, तरीही माफ. पायाचा अंगठा काट्याला लागून निसटला असं आपल्याला वाटतं, तेव्हा खरोखरच तो निसटलेला असतो.

मराठीत 'काटा' तराजूलाही असतो. या चारही गेमांकडे पाहताना मला तोच आठवतो. काटा कडक असावा की मवाळ, हा रचनाकाराच्या मर्जीचा प्रश्न. पण पडद्यावर जे दिसतं आणि आत जे मोजलं जातं, ते एकमेकांना धरून असलंच पाहिजे. पहिला 'सॉनिक' माझ्या अत्यंत आवडीचा गेम आहे. या एका बाबतीत मात्र त्याचं माप खोटं आहे.

बाईंना आणि त्यांच्या चिरंजीवांना एवढंच सांगतो : पहिल्या 'सॉनिक'मध्ये काट्यांजवळ लुकलुकण्यावर विसंबू नका. काट्यांकडे जाण्याआधी मागे फेकलं गेल्यावर कुठे पडू ते हेरून ठेवा, आणि मार लागलाच तर उधळलेल्या रिंगांपैकी निदान एक परत मिळवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. पुढच्या आठवड्यात 'सुपर मीट बॉय'च्या करवती, नक्की.