नोंद रक्तदाबाची, परीक्षा योजनेची

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की शासकीय योजनांची चर्चा रंगते. शिबिरे किती झाली, गोळ्या किती वाटल्या, नावे किती नोंदली, हे आकडे मोठे असतात. परंतु वाचकहो, त्यांवरून आपला रक्तदाब आटोक्यात आला की नाही, हे कळत नाही.

हे कळावे अशी मोजणी आपल्या शेजारीच झाली. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रथम वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले. तेथे प्रश्न साधा होता: नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता? जे आलेच नाहीत, त्यांनाही हिशेबातून वगळले नाही. त्यांची गणना वेगळी होते. त्यामुळे गैरहजर रुग्ण कागदावरून नाहीसा होत नाही. त्याला दूरध्वनी करून बोलावता येते.

हा दूरध्वनी योग्य क्रमांकावर जायला हवा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत एकाच मोबाइल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले, असे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. अशा नोंदीतून कोणाला शोधणार?

आपल्या हाती काय?

आरोग्य केंद्रात आपला किंवा शुश्रूषा करणाऱ्या आप्ताचा चालू क्रमांक नोंदवा. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळा. पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आलेला आकडा तारखेसह कार्डावर लिहून घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात ज्येष्ठांची भेट हमखास चुकते. सकाळची वेळ ठरवा. उन्हाळ्यात रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा. बरे वाटते म्हणूनही ती थांबवू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा गाजावाजा करीत नाही, आणि पक्षाघात पूर्वसूचना देईलच असे नाही.

योजना यशस्वी झाली की नाही, हे सांगणारा आकडा आपल्या दंडावरच मोजला जातो. तो खरा नोंदला जावा, एवढा आग्रह आपण अवश्य धरावा.