शालेय शिक्षण आणि माहिती तंत्रज्ञान : पूरक की पर्याय?

देशातील बहुतेक मुलांची नावे आज शाळेच्या पटावर आहेत. मात्र पटावर नाव असणे आणि शिकता येणे यांत मोठे अंतर आहे. ‘असर’ २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील इयत्ता पाचवीच्या निम्म्याहून किंचित अधिक मुलांना दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता आला नाही. त्यातच ‘युडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. ही उणीव भरून काढण्यास माहिती तंत्रज्ञान कितपत उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोरणात्मक वाटचाल

या प्रयत्नांना अर्धशतकाचा इतिहास आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाने निवडक शाळांत संगणक आणले. सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात सोडण्यात आला, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. २०१२ मध्ये शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि २०१७ मध्ये ‘दीक्षा’ मंच कार्यान्वित झाला.

साधनांची उपलब्धता

२०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के शाळांत संगणक, तर ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट उपलब्ध होते. याचाच अर्थ असा की, एक तृतीयांशाहून अधिक शाळा अद्याप या सुविधांपासून वंचित आहेत. शिवाय उपलब्धता म्हणजे शैक्षणिक वापर नव्हे. ‘असर’ २०२४ मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापर केल्याचे आढळले.

अनुभव काय सांगतो?

अर्थशास्त्रात वस्तूंचे पूरक आणि पर्यायी असे वर्गीकरण केले जाते. संगणक हा शिक्षकाला पूरक आहे की पर्याय, यावर त्याचे फलित अवलंबून असते. गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ वर्गांत ली लिंडेन यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. नियमित अध्यापनाची वेळ घेऊन संगणकावर शिकविले तेव्हा मुलांची प्रगती घटली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून तोच कार्यक्रम राबविला तेव्हा ती वाढली. यंत्र एकच, वापर निराळा आणि परिणामही निराळा!

वडोदऱ्यातील महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे संगणकीय खेळ देण्यात आले. दुसऱ्या वर्षी गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. तथापि कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात हा लाभ बराच ओसरला. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. प्रत्येक मुलाच्या स्तरानुसार प्रश्न देणारी आज्ञावली आणि लहान गटातील मार्गदर्शन यांच्या जोडीने साडेचार महिन्यांत गणितात ०.३७, तर हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. सहावीचा धडा सर्वांना एकाच वेळी शिकवावा लागणाऱ्या शिक्षकाला जे शक्य होत नाही, ते येथे यंत्राने साधले.

केरळचे उदाहरण

२००१ पासूनच्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पात केरळने शिक्षक प्रशिक्षणावर विशेष भर दिला आणि मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला. यामुळे परवान्यांचा खर्च वाचला आणि तंत्रज्ञान शिक्षकांच्या हाती आले.

समारोप

संगणक खरेदी हा एकदाच होणारा भांडवली खर्च असतो. वीज, देखभाल, जोडणी आणि प्रशिक्षण हा मात्र आवर्ती खर्च होय. त्याची तरतूद नसेल तर संगणक कक्षाला कुलूप लागते. त्याचप्रमाणे खासगी साधनांवर विसंबल्यास गरीब कुटुंबांतील मुले आणखी मागे पडतात. म्हणूनच किती संगणक पुरविले याऐवजी मागे पडलेली किती मुले वाचू व गणित करू लागली, हाच योजनेच्या यशाचा निकष असावयास हवा. तंत्रज्ञान शिक्षकाचे हात बळकट करू शकते. त्याची रिकामी जागा ते भरून काढू शकत नाही.