अमरावतीहून मुंबई: विमानानं जायचं की रात्रीच्या गाडीनं?

मागच्या महिन्यात अकोल्याहून मावशीचा फोन. मामांना परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला न्यायचं होतं. मावशी म्हणाली, "आता अमरावतीहून विमान आहे म्हणतात, त्यानंच नेऊ का?"

प्रश्न एकट्या मावशीचा नाहीये. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबई-अमरावती विमान सुरू झालं. अलायन्स एअरचं एटीआर जातीचं, सत्तरएक सीटांचं विमान. हवेत जेमतेम पावणेदोन तास. अमरावती एक्सप्रेस त्याच प्रवासाला साधारण अकरा तास घेते. मग विषय संपला की!

तर नाही.

पावणेदोन तास म्हणजे फक्त उडण्याचे. सुरुवातीच्या वेळापत्रकात विमान बेलोऱ्याहून ४:४० ला सुटून मुंबईत ६:२५ ला उतरायचं. म्हणजे शहरातून अडीच-तीनलाच निघायचं, आणि उतरल्यावर ऐन संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून परळ गाठायचं. घर ते मुक्काम मोजलं तर पाच-साडेपाच तास गेले. ओपीडी दुसऱ्या दिवशी, म्हणजे लॉजचा खर्च आलाच. सुरुवातीला सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यात तीनच दिवस सेवा होती, त्यामुळे परतीचं विमान लगेच मिळेल असंही नव्हतं. (वेळा बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी ताज्या बघून घ्या.)

अकोलेकरांचं आणखी वेगळं. शिवणीला इंग्रजांच्या काळातली धावपट्टी आहे, पण ती आखूड, प्रवासी विमान नाही. बेलोरा तिथून नव्वदएक किलोमीटर. रस्ता चकाचक आहे म्हणा, याच अमरावती-अकोला हायवेवर २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड केलं होतं. पण गाडीभाडं द्यावंच लागतं.

आता रेल्वे बघा. अमरावती एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास निघते, पहाटे दादर. तिथून टाटा जवळच. दिवसभर दाखवायचं आणि रात्री आठच्या आत सीएसएमटीहून सुटणाऱ्या त्याच गाडीनं परत. दोन रात्री गाडीत, लॉज नाही. एका दिवसात काम उरकणार असेल तर अकरा तासांतला दिवसाचा एक तासही वाया जात नाही. अकोलेकरांना तर ही गाडी घरच्याच स्टेशनवर मिळते.

फ्रान्सनं २०२३ मध्ये अडीच तासांत रेल्वेनं जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं बंद केली. तिकडे रेल्वे वेगानं जिंकते, आपल्याकडे झोपेनं.

पैशाचं म्हणाल तर स्लीपर साधारण चारशे, थर्ड एसी हजार-अकराशे. विमानाचं भाडं उडान योजनेत काही सीटांपुरतंच मर्यादेत असतं, बाकीच्या सीटांचं मागणीप्रमाणे चढतं.

विमान जिंकतं कधी? पेशंटला अकरा तास बर्थवर काढणं झेपत नसेल तेव्हा. किंवा दिवाळी-मे महिन्यात वेटिंग हलतच नाही तेव्हा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांत भराभर संपतं. घाई असेल आणि त्या दिवशी बेलोऱ्याचं विमान नसेल, तर नागपूर गाठा, तिथून मुंबईला रोज बरीच विमानं आहेत.

मावशीला मी गाडीच सांगितली, आणि तिला माहीत नसलेली एक गोष्ट. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तो दाखवून आरक्षण खिडकीवर तिकीट काढायचं. मामा आजवर पूर्ण पैसे भरून जात होते.